फटफटी की मोटार?

प्रत्येक पिढीला वयाच्या अठराव्या वर्षी काही तरी एक कूट प्रश्न पडतो, आणि तो प्रश्न कोणता यावरून त्या पिढीचा काळ ओळखता येतो. माझ्या आजोबांना त्या वयात असा प्रश्न पडला होता की, कॉलेज सोडून असहकाराच्या चळवळीत उडी घ्यावी, की मुकाट्याने परीक्षा देऊन कचेरीतली खुर्ची गाठावी. माझ्या वडिलांपुढे पुण्यातच राहून मिळेल ती मास्तरकी धरावी, की मुंबईस जाऊन एखाद्या पेढीत शिरावे, हा पेच होता. माझ्या वेळी साऱ्या पांढरपेशा घरांतून ‘डॉक्टर की इंजिनिअर?’ एवढा एकच प्रश्न ऐकू येई. आणि ज्याला यांपैकी एकही उत्तर मानवत नसे तो माझ्यासारखा इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक होई. आजच्या अठरा वर्षांच्या मुलाचे शिक्षण, परदेशगमन, नोकरी हे प्रश्न पुष्कळ आधी, त्याच्या आईबापांनी आणि शिकवण्यांच्या वर्गांनी मिळून सोडवून टाकलेले असतात. त्याच्या स्वतःच्या वाट्याला जो एक प्रश्न उरतो तो असा : फटफटी घ्यावी की मोटार?

‘फटफटी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहे. मोटारसायकल, बाईक, दुचाकी हे शब्द मला येत नाहीत असे नव्हे. परंतु ज्याने हा शब्द प्रथम उच्चारला त्या अनामिक मराठी माणसाविषयी मला फार आदर वाटतो. कारखान्याने दिलेल्या नावाची त्याने पर्वा केली नाही. यंत्र जे स्वतः आपल्या तोंडाने सांगत होते तेच नाव त्याने त्याला दिले. आपल्या भाषेत कावळ्याला ज्या रीतीने नाव मिळाले त्याच रीतीने या लोखंडी पाखरालाही मिळाले.

आपल्या समाजातून मुंजीचे महत्त्व कमी झाले असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. ती घरातून निघून परिवहन कार्यालयात गेली, इतकेच. तेथेही वयाची अट आहे : १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी सोळाव्या वर्षी चालविता येते, त्यावरील कोणत्याही खाजगी वाहनासाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तेथे ब्रह्मचर्याश्रमही आहे. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून निदान तीस दिवस उमेदवारी केल्यावाचून पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. त्या परीक्षेत इंग्रजी आठाच्या आकड्याभोवती पाय न टेकता फेरी मारावी लागते, ती होमाभोवतीच्या प्रदक्षिणेसारखीच दिसते. आणि विधी आटोपल्यावर बटू पहिली भिक्षा मागतो ती पेट्रोलची, व तीही परंपरेप्रमाणे मातेपाशीच.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचे हे नवे उपनयन गेल्या वर्षी झाले. कोथरूडला त्यांचे घर. मुलगा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात. घरापासून महाविद्यालय आठ-नऊ किलोमीटरांवर, आणि वाटेतल्या बसगाड्यांवर त्याचा विश्वास नाही. मेहुण्यांनी अडीच लाख रुपये बाजूला काढून ठेविले होते. मौज अशी की, आजच्या बाजारात या रकमेला एक नवी कोरी, धिप्पाड, साडेतीनशे घनसेंटिमीटरांची फटफटी येते. आणि तेवढ्याच पैशांत सात-आठ वर्षे वापरलेली एक लहानशी मोटारही येते. किंमत सारखी असल्यामुळे वाद फक्त तत्त्वाचा उरला. मुलाला फटफटी हवी होती. बहिणीला मोटार हवी होती. मेहुण्यांना घरात शांतता हवी होती. ती न मिळाल्यामुळे एका रविवारी सकाळी तिघेही माझ्याकडे आले, आणि “मामा, तुम्हीच सांगा,” असे म्हणून भाच्याने तो खटला माझ्यापुढे ठेविला.

न्यायाधीशाच्या जागी बसलेल्या माणसाने प्रथम फटफटीची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण वडीलधाऱ्या मंडळींत ती बहुधा ऐकली जात नाही. फटफटीचा आनंद हा वेगाचा आनंद आहे असे लोक समजतात. तो अर्धाच खरा आहे. मोटारीत बसलेला मनुष्य जग पाहतो. फटफटीवरचा मनुष्य जगात असतो. ताम्हिणीच्या घाटात पहिला पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीचा जो वास सुटतो तो मोटारीच्या काचा वर असल्या म्हणजे आत येत नाही. खडकवासल्याच्या धरणाजवळ आले की हवा एकाएकी दोन अंशांनी थंड होते, हे मोटारीत बसलेल्याला आयुष्यभर कळणार नाही. मोटार वळते तेव्हा चालक आपल्या जागी बसलेला असतो आणि चाके वळतात. फटफटी वळते तेव्हा चालकाला स्वतःचे सारे अंग वळणात झोकून द्यावे लागते. एवढेच काय, वेगात असलेली फटफटी उजवीकडे न्यायची तर तिचे मूठदांडे क्षणभर किंचित डावीकडे ढकलावे लागतात, तेव्हा ती उजवीकडे कलते आणि मग वळते. चालविणाऱ्याला हे बहुधा ठाऊक नसते. त्याच्या हातांना ते ठाऊक असते. ज्या विद्येत बुद्धीच्या आधी शरीर शहाणे होते तिचा तरुणांना मोह पडावा यात नवल काय?

शिवाय व्यवहारही फटफटीच्याच बाजूचा आहे. साधी फटफटी एका लिटर पेट्रोलात पन्नास किलोमीटर सहज जाते. लहान मोटार पंधरा-वीस गेली तरी मालक खूष असतो. सदाशिव किंवा शनिवार पेठेतल्या ज्या बोळात मोटार शिरली तर तिला परत बाहेर काढण्यासाठी चार जणांना हात हलवीत उभे राहावे लागते, त्या बोळात फटफटी अशी शिरते, जसा ताकात लोणी काढायला हात शिरतो. आणि मोटार उभी करायला जागा शोधण्यात जो काळ जातो, तेवढ्यात फटफटीवाला काम उरकून, चहा घेऊन घरी परतलेला असतो.

खरे म्हणजे दोन चाकांशी पुण्याचे नाते फार जुने आहे. हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून स्कूटर निघू लागली. १९७२ साली आलेल्या ‘चेतक’साठी नाव नोंदवून लोक कित्येक वर्षे वाट पाहात, मुलाच्या जन्मानंतर नाव नोंदविले तर तो शाळेत जाऊ लागेपर्यंत गाडी येईल, असा हिशेब लोक थट्टेने सांगत. त्याच साली आलेल्या लहानग्या ‘लूना’ने तर आणखी एक कार्य केले, ज्याची नोंद समाजसुधारणेच्या इतिहासात कोणी केलेली मला आढळली नाही. कितीतरी शिक्षिका, परिचारिका, कारकून बाया यांना तिने नवऱ्याच्या, भावाच्या आणि बसच्या वेळापत्रकातून सोडविले. पदर कमरेला खोचून, पिशवी हँडलला अडकवून लूनावरून जाणारी स्त्री ही माझ्या बालपणीच्या पुण्यातील स्वातंत्र्याची मूर्ती होती.

त्या काळी मोटार ही डॉक्टरांची, कारखानदारांची आणि चित्रपटातल्या नायिकेच्या वडिलांची. मध्यमवर्गाचे सारे कुटुंब एका स्कूटरवर मावत असे. पुढे मोठा मुलगा उभा, त्याच्यामागे वडील, वडिलांच्या पाठीमागे एका अंगाने बसलेली आई, आणि आईच्या मांडीवर तान्हे मूल. हे चित्र पाहून आम्हांला कौतुक वाटे. भय कोणालाच वाटत नसे. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची लहान मोटार रस्त्यावर आली आणि त्या चित्रात प्रथमच बदल होऊ लागला. परंतु ते चित्र पाहून ज्यांना भय वाटले असे एक गृहस्थ होते. ते रतन टाटा. पावसात स्कूटरवरून घसरत चाललेले असे एक कुटुंब पाहून स्वस्त मोटारीची कल्पना आपल्या मनात आली, असे ते सांगत. २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात त्यांनी ‘नॅनो’ लोकांपुढे आणली, आणि कारखान्यातली तिची किंमत एक लाख रुपये ठेवून दिलेला शब्द पाळला.

त्या गाडीचे पुढे काय झाले हे सर्वांना माहीत आहे. कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या, आणि अखेर २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबल्यातच जमा झाले. या अपयशाची कारणे अर्थशास्त्रज्ञ पुष्कळ देतात. मला त्यांतले एकच महत्त्वाचे वाटते. स्कूटरवरचे ते कुटुंब पावसात भिजायला तयार होते, पण ‘सर्वांत स्वस्त मोटारीत बसलेले’ म्हणून ओळखले जायला तयार नव्हते. आपण वाहन घेतो तेव्हा चाकांबरोबर शेजाऱ्यांच्या नजराही विकत घेत असतो. हे ध्यानात घेऊनच मी भाच्याला विचारले, “तुला साडेतीनशेचीच का रे हवी? महाविद्यालयात जायला शंभर-सव्वाशेची पुरत नाही का?” तो जरा गप्प राहिला आणि म्हणाला, “मामा, सगळ्यांकडे तीच आहे.” उत्तर प्रामाणिक होते. नॅनोचा सारा इतिहास त्या चार शब्दांत होता.

येथवर खटला हसण्याखेळण्यावारी चालला होता. पण बहीण गप्प बसली होती. ती एकाएकी म्हणाली, “दादा, तू कॉलेजात असतोस. तू काय काय पाहिले असशील ते याला सांग.”

ते सांगायची माझी इच्छा नव्हती. तीस वर्षे शिकविणाऱ्या माणसाने पुष्कळ समारंभ पाहिलेले असतात. त्यांत एक समारंभ असा आहे की ज्याचा सराव कधी होत नाही. महाविद्यालयाच्या सभागृहात सकाळी अकराला सर्वांनी जमायचे. टेबलावर एक छायाचित्र असते. ते बहुधा प्रवेशपत्रावरून मोठे केलेले असल्यामुळे त्यातला चेहरा जरा घाबरलेला दिसतो. प्राचार्य चार शब्द बोलतात, आणि दोन मिनिटे उभे राहायचे. असा मी सहा-सात वेळा तरी उभा राहिलो आहे. त्यांतील एक मुलगा माझ्या वर्गातला होता. वळणावर रस्त्याच्या कडेला बांधकामाची वाळू सांडलेली होती, तिच्यावरून चाक घसरले. वेग फार नव्हता. शिरस्त्राण होते, ते हाताच्या कोपरात अडकविलेले होते. हजेरीच्या यादीतून नाव काढायचे ते सत्र संपल्यावर काढतात, असा तेव्हा रिवाज होता. त्यामुळे नोव्हेंबरपर्यंत दर तासाला माझा आवाज त्याच्या क्रमांकापाशी येई, आणि मी सदतीसवरून एकदम एकोणचाळीसवर जाई. वर्गातला एकही मुलगा त्या वेळी मान वर करीत नसे.

माझा हा अनुभव म्हणजे अपवाद असता तर मी तो लिहिलाही नसता. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत शंभरांपैकी चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवर बसलेली होती. शिरस्त्राण न घातलेली अशी मृतांपैकी पन्नास हजार माणसे होती, आणि त्यांतली चौदा हजारांवर मागे बसलेली. पुण्यासारख्या शहराची वस्ती एका बाजूने ओसरू लागली तर जितके घाबरायला होईल तितके या आकड्यांनी व्हायला हवे. पण आकडे वर्षभर थोडे थोडे करून येतात, म्हणून आपण स्वस्थ असतो. २०१९ च्या आरंभी पोलिसांनी शिरस्त्राणाचा नियम कडकपणे अमलात आणायचे ठरविले, तेव्हा याच विद्येच्या माहेरघरात त्याविरुद्ध मोर्चा निघाला. पुणेकराला डोक्याचा अभिमान मोठा. ते झाकून ठेवणे त्याला रुचत नाही.

इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकाला येथे एका ग्रंथकाराची आठवण झाल्यावाचून राहात नाही. अरबांच्या बंडात भाग घेतलेला आणि त्यावर मोठा ग्रंथ लिहिणारा टी. ई. लॉरेन्स हा फटफटीचा विलक्षण शोकी होता. ‘ब्रफ सुपीरियर’ या त्या काळच्या उंची गाड्या त्याने एकामागून एक सात घेतल्या. तोफांच्या आणि वाळवंटाच्या तडाख्यांतून जो वाचला, तो १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमधल्या एका शांत खेड्याच्या वाटेवर, सायकलींवरून चाललेल्या दोन मुलांना चुकविताना उडून पडला. डोक्याला मार लागला होता. सहा दिवसांनी तो गेला, वय शेहेचाळीस. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा एक मेंदूचा शल्यवैद्य होता. हा मृत्यू त्याच्या मनातून गेला नाही. फटफटीवरून पडलेल्यांच्या डोक्याच्या जखमांचा त्याने अभ्यास आरंभिला, १९४१ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि सैन्यातील निरोप्यांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. सर्वसामान्य इंग्रज माणसावर ती सक्ती यायला मात्र १९७३ साल उजाडले. तेव्हा या बाबतीत शहाणपण सावकाश येते, आणि येते तेही कोणाच्या तरी शवावरूनच येते, हा अनुभव एकट्या पुण्याचा नाही.

“मग मोटारच घ्यायची ना?” बहीण म्हणाली. तिला वाटले, निकाल लागला.

परंतु न्यायाधीशाला दुसरीही बाजू ऐकावी लागते. मोटार तिच्या आत बसलेल्याला सांभाळते यात शंका नाही. पोलादी पेटी, कमरेचा आणि छातीचा पट्टा, धडकेच्या क्षणी फुगणारी हवेची उशी, अशी तिची सिद्धता असते. पण ही सारी सिद्धता आतल्यांसाठी आहे. बाहेरच्यांसाठी मोटार म्हणजे आठशे-हजार किलो वजनाची वेगाने येणारी वस्तू आहे. वेग दुप्पट झाला तर धडकेतील शक्ती चौपट होते, हे भाच्याला पदार्थविज्ञानात मी सांगायला नको होते. त्या २०२२ च्या अहवालातच मेलेल्यांपैकी जवळजवळ एक पंचमांश लोक पायी चालणारे होते. शिवाय तरुणाच्या हाती आलेली मोटार एकट्याने जात नाही. तिच्यात चार मित्र बसतात, गाणी लागतात, रात्र होते. आणि काचेच्या आत बसले की बाहेरचे जग खरे वाटेनासे होते. ज्या गुणाने मोटार सुरक्षित वाटते त्याच गुणाने ती चालकाला बेफिकीर करते.

१९ मे २०२४ च्या पहाटे याच पुण्यात, कल्याणीनगरात, एका उंची मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दुचाकीवरचे दोघे तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गतप्राण झाले. मोटार सतरा वर्षांचा एक मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप. त्या दिवशी आमच्या सगळ्या घरांतून एकच चर्चा होती, आणि प्रत्येक आई मनातल्या मनात एकाच वेळी दोन घरांत उभी होती : ज्यांची मुले गेली त्यांच्या घरात, आणि ज्यांच्या मुलाच्या हाती किल्ली होती त्यांच्याही घरात. २०१९ च्या दुरुस्तीने अज्ञान मुलाच्या अपराधाबद्दल पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजारांचा दंड सांगितला आहे. कायद्याला याहून अधिक काही सांगता येत नाही.

तेव्हा मी तिघांना म्हटले, “मोटार की फटफटी हा प्रश्न नीट मांडला गेलेला नाही. अठराव्या वर्षी चूक होणार, हे धरून चालू. प्रश्न असा की, त्या चुकीची किंमत कोणी द्यायची? फटफटीवर ती बहुधा स्वतः द्यावी लागते. मोटारीत ती पुष्कळ वेळा रस्त्यावरचा दुसराच कोणी देतो.”

भाचा ताडकन म्हणाला, “मग फटफटीच घ्यायला हवी, मामा! चूक माझी, तर किंमतही माझीच.”

या वयाला शोभणारे ते उत्तर होते. नीतिशास्त्राच्या परीक्षेत मी त्याला पूर्ण गुण दिले असते. पण त्याची आई त्याच्याकडे पाहात होती. ती हळूच म्हणाली, “तुझी किंमत तुझी एकट्याची आहे, असे तुला कोणी सांगितले रे?”

खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही. तत्त्वज्ञांनी व्यक्तिस्वातंत्र्यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. ज्या कृत्याने दुसऱ्याला अपाय होत नाही ते करण्याची मुभा प्रत्येकाला असावी, असे मिल्लसाहेब सांगून गेला आणि आम्ही ते पिढ्यान्‌पिढ्या वर्गात शिकवीत आलो. परंतु ज्या घरात आई आहे त्या घरात फक्त स्वतःलाच अपाय करणारे असे कृत्य शिल्लक राहात नाही. मिल्लच्या सिद्धांताला माझ्या बहिणीने त्या एका वाक्यात जी पुरवणी जोडली ती मला कोणत्याही टीकाकाराकडे सापडली नव्हती.

निकाल मात्र द्यावाच लागला. अखेर चहाच्या दुसऱ्या फेरीनंतर जो तोडगा निघाला तो असा : साडेतीनशेची धिप्पाड गाडी नको, दीडशे घनसेंटिमीटरांची, हलकी, जिच्या रोधकांना चाक अडकू न देणारी यंत्रणा आहे अशी गाडी घ्यावी. ही यंत्रणा २०१९ पासून सव्वाशेवरच्या सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झालेली आहे, त्याहून लहान गाड्यांना तेव्हा नव्हती, म्हणून दीडशे. चांगले शिरस्त्राण दोन घ्यावीत, एक स्वतःचे, एक मागे बसणाऱ्याचे. पहिले वर्षभर मागे कोणाला बसवायचे नाही, म्हणून दुसरे आईच्या कपाटात राहावे. वर्षभर महामार्ग नाही, रात्री दहानंतर फिरणे नाही. मुंबईच्या द्रुतगती मार्गावर दुचाकीला मुळातच बंदी असल्यामुळे तेवढा वाद वाचला. त्याच वेळी मोटार चालवायलाही शिकावे, आणि शिकावे ते मित्राकडून नव्हे, शाळेत जाऊन. म्हणजे काचेच्या आत बसलेल्या माणसाला बाहेरची फटफटी किती लहान दिसते, आणि आरशाच्या आंधळ्या कोपऱ्यात ती कशी नाहीशी होते, हे त्याला स्वतः कळेल. माझ्या मते दुचाकी चालविणाऱ्याला याहून उपयुक्त शिक्षण नाही. तसेच मोटार चालविणाऱ्यानेही काही महिने दोन चाकांवर काढलेले असले म्हणजे खड्डा, वाळू आणि ओला रस्ता यांचा अर्थ त्याला पुस्तकावाचून समजतो. उरलेले पैसे बँकेत राहावेत.

“मामा, तुम्ही दोघांनाही अर्धे अर्धे हरविलेत,” भाचा म्हणाला. न्यायाची याहून चांगली व्याख्या मला ठाऊक नसल्यामुळे मी ती स्तुती समजलो. मेहुणे निघताना दारात थांबून म्हणाले, “घरात शांतता मिळाली, हे पुष्कळ झाले.”

ती मिळाली नाही. गाडी येऊन आता आठ-नऊ महिने होत आले. मुलगा अटी पाळतो. निदान बहीण पाळतो असे म्हणते, आणि तिच्या नजरेतून काही सुटेल असे मला वाटत नाही. मागच्या महिन्यात मी रात्री त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मुलाला महाविद्यालयाच्या संमेलनाच्या तालमीहून यायला उशीर होत होता. साडेनऊ झाले. बहीण आमच्याशी बोलत होती, वाढीत होती, भाजीत मीठ कमी पडले का म्हणून विचारीत होती. पण तिचे बोलणे मध्येच तुटे. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या. आम्हांला त्यांचा एकच घरघराट ऐकू येई. तिला त्यांतली प्रत्येक वेगळी ऐकू येत होती, आणि ती प्रत्येक गाडीला मनाशी ‘ही नव्हे’ म्हणत होती. मग कोपऱ्यावरच्या वळणाशी कुठेतरी एक आवाज वेगळा झाला. मला तो इतरांसारखाच वाटला. ती मात्र वाढता वाढता थांबली, आणि तिने आत जाऊन त्याचे पान मांडले.

जिला ती गाडी घरात नको होती तिनेच तिचा आवाज सर्वांत आधी ओळखला. मोटार घेतली असती तर ती बहुधा निःशब्द येऊन उभी राहिली असती, आणि दाराची घंटा वाजेपर्यंत या माउलीला काही कळले नसते. फटफटीला ज्याने तिच्या आवाजावरून नाव दिले त्याच्याविषयीचा माझा आदर त्या रात्री आणखी वाढला. त्याच्या घरीही असेच कोणी तरी कान देऊन बसत असले पाहिजे.